मुंबईच्या समुद्रात म्हणे काहीच नाही

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. 'मुंबईच्या समुद्रात गाळ आणि प्लास्टिकशिवाय काही उरलेलं नाही. समुद्राखालचं जग बघायचं तर अंदमानला डायव्हिंग कोर्स करा, चार दिवसांत समुद्र कळतो. बाकी फोटोतले रंग एडिट केलेले असतात.' मी तो कोर्स केलाय आणि राहते माहीमला, त्यामुळे गप्प बसवत नाही.

रंगांचं पटकन संपवते. एडिट करतात, खरंय. पण पाणी लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, म्हणून खाली सगळं निळं-राखाडी दिसतं. टॉर्च मारा, तोच खडक लालभडक. रंग असतोच तिथे, उजेड नसतो.

आता चार दिवसांत समुद्र कळतो म्हणे! कोर्समध्ये काय शिकवतात, तर मास्कमधलं पाणी काढणं, कानातलं प्रेशर सांभाळणं, श्वास कधीही रोखायचा नाही, 18 मीटरच्या खाली जायचं नाही. सगळं गरजेचं आहे, पण ते जिवंत परत येण्याचं शिक्षण झालं. तिसऱ्या डाइव्हनंतर इन्स्ट्रक्टरने विचारलं काय दिसलं, मी म्हटलं हवेचा गेज.

सगळ्यात डोकं फिरलं ते पहिल्या वाक्याने. पाणी गढूळ आहे, प्लास्टिक तर आहेच आहे, पण गढूळ म्हणजे मेलेलं हे कोणी सांगितलं? खाड्यांमधून गाळ येतो, उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मग ढवळणारच ना. पौर्णिमा-अमावस्येला इथे सकाळी आणि संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास पाणी पार खाली जातं, तेव्हा हाजीअलीच्या खडकांवर जाऊन बघा. झोआंथिडची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या फुलासारख्या प्राण्यांची हिरवट चादर, समुद्रफुलं, खेकडे, आणि हो, कोरल म्हणजे प्रवाळ पण. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये हाजीअली आणि वरळीच्या किनाऱ्यावरून कोरलच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, काहीच नव्हतं तर उचललं काय? कोरल हा प्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत.

मी तिथे एका डबक्यापाशी दहा मिनिटं उकिडवी बसले तेव्हा 'दगड' हलला आणि रंग बदलून सरकला, ऑक्टोपस होता. पुढच्या डायव्हिंग ट्रिपला पाण्याखाली पळापळ न करता एकाच खडकापाशी तरंगत राहिले, गेज सोडून बरंच काही दिसलं.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी पाण्याची वेळ बघून जातेय, कोणाला यायचंय? चपला नकोत, शेवाळावर सरकतात, ग्रिपवाले बूट घाला. कोरलवर पाय द्यायचा नाही आणि भरती सुरू झाली की मी म्हणेन तेव्हा निघायचं.