परलोक कृष्णधवल का? एक खुलासा

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (१९४६) या ब्रिटिश चित्रपटाविषयी असे सांगितले जाते की, युद्धकाळातील टंचाईमुळे रंगीत फिल्म संपली आणि म्हणून त्यातील परलोक नाइलाजाने कृष्णधवल चित्रित करावा लागला. हे खरे नाही.

टंचाई होती, हे मान्य. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी निर्मात्यांना महिनोन्महिने थांबावे लागले. परंतु ते थांबले, ते पृथ्वी रंगीतच हवी होती म्हणून. परलोक बिनरंगाचा ठेवण्याचा निर्णय तर पटकथेतच मुरलेला आहे: पीटर कार्टर या वैमानिकाला न्यायला आलेला दूत पृथ्वीवर उतरतो, तेव्हा त्याच्या कोटावरचा करडा गुलाब आपल्या डोळ्यांदेखत गुलाबी होतो आणि तिकडे वर, परलोकात, टेक्निकलरसाठी जीव आसुसतो, अशी तक्रार तो स्वतःच करतो. फिल्म संपल्यामुळे केलेली तडजोड इतक्या नेमक्या विनोदाच्या रूपाने पात्राच्या तोंडी आली, असे मानणे जरा कठीणच आहे. शिवाय श्रेयनामावलीनुसार रंगीत भागाप्रमाणेच कृष्णधवल भागावरची प्रक्रियाही टेक्निकलरचीच आहे, आणि छायालेखक जॅक कार्डिफ यांनी या दोन्हींमधील संक्रमण विलक्षण सफाईने साधले आहे.

हा चित्रपट परलोकाचे अस्तित्व ठामपणे मांडतो, हेही तितकेसे बरोबर नाही. हे दुसरे जग केवळ युद्धाने हादरलेल्या एका तरुण वैमानिकाच्या मनात आहे, असे आरंभीच्या पाटीवर स्पष्ट म्हटले आहे, आणि परलोकात पीटरच्या जगण्या-मरण्याचा खटला चालतो त्याच वेळी पृथ्वीवर पीटरच्या मेंदूवर शस्त्रक्रिया सुरू असते.