जाड वॅक्स म्हणजे जास्त चमक? नाही

स्पोर्ट्स कारच्या निगेबद्दल एक सल्ला हल्ली जो तो पुढे पाठवतो आहे. थोडक्यात तो असा: "कार्नौबाची (ताडाच्या पानांवरच्या मेणाची) टक्केवारी सर्वांत जास्त असेल तेच वॅक्स घ्या. गाडी उन्हात तापू द्या, म्हणजे रंगाची रंध्रं उघडतात आणि वॅक्स आत मुरतं. थर जाड द्या, रात्रभर ठेवा, वर आणखी तीन-चार थर चढवा. बारीक ओरखडे भरून निघतात. आणि पाण्याचे मणी दिसताहेत तोवर रंगाला काही होत नाही."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ते मनावर घेऊन लोक चांगल्या गाड्यांचा रंग खराब करून घेताहेत.

आधी रंध्रांचं. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, तो रासायनिक क्रियेने घट्ट झालेला पॉलिमरचा पापुद्रा आहे. जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याला त्वचेसारखी रंध्रं नाहीत, त्यामुळे उघडायला काही नाही आणि मुरायला जागाही नाही. वॅक्स वरच बसतं. तापलेल्या पत्र्यावर एवढंच होतं की त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे वॅक्स पातळ ठेवणारा द्रव, भराभर उडून जातं, वॅक्स पट्ट्यापट्ट्यांनी वाळतं आणि मग ते काढायला जोर लावावा लागतो. काम सावलीत, हाताला गार लागणाऱ्या पॅनेलवर करायचं. इंजिन मध्ये किंवा मागे असलेल्या गाडीत आणखी एक काळजी घ्या: गाडी सावलीत उभी असली तरी चालवून आणल्यावर मागचं झाकण बराच वेळ गरम असतं. तो भाग शेवटी घ्या.

जाड थराचा मुद्दा सर्वांत घातक, म्हणून त्यावर जरा थांबतो. पुसून झाल्यावर पृष्ठभागावर जे वॅक्स उरतं, ते एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचं असतं. पातळ लावा नाहीतर लोण्यासारखं थापा, उरणार तेवढंच. बाकीचं सगळं कापडात जातं, आणि ते तिथे जाईपर्यंत तुम्ही क्लिअर कोटवर नको तितकं घासलेलं असतं. कापडात धुळीचा एखादा कण असला की त्या घासण्यातूनच जाळीसारखे बारीक ओरखडे, म्हणजे स्वर्ल मार्क्स, उमटतात. ज्या चमकेसाठी खटाटोप केला, ती तिथेच गेली.

फोमच्या पॅडवर बोटाच्या पेराएवढं वॅक्स एका दरवाजाला पुरून उरतं. दाब न देता पसरा. पॅनेलवर धुरकट झाक दिसली पाहिजे, पांढरा लेप नको. गोल फिरवा की सरळ रेषेत, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पॅड आणि पत्रा स्वच्छ असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही. मग बोट हलकेच ओढून पाहा. मागे स्वच्छ रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली, ओलसर फराटा आला तर अजून थांबा. बहुतेक वॅक्सना काही मिनिटं पुरतात, डब्यावर वेळ दिलेली असते ती पाळा. रात्रभर ठेवलं तर ते कडक होतं, बाकी काही नाही. पुसताना मऊ मायक्रोफायबरची घडी बदलत राहा, आणि जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा रंगाला लावू नका. न रंगवलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स गेलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून त्या कडांना आधीच टेप लावून घ्यावी.

दुसरा थर द्यायला माझी हरकत नाही. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा त्याने झाकल्या जातात. पण तिसरा, चौथा थर चढतच नाही: नव्या वॅक्समधलं सॉल्व्हंट खालचं वॅक्स थोडंफार विरघळवतं आणि पुसताना तेही निघून येतं.

आता टक्केवारी. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते 80 अंश सेल्सिअसच्या वरच वितळतं आणि शुद्ध रूपात इतकं कडक व ठिसूळ असतं की गाडीवर पसरवताच येत नाही. म्हणून डब्यात तेलं आणि सॉल्व्हंट असतातच. "100 टक्के कार्नौबा" म्हणजे डबाभर कार्नौबा असा अर्थ होऊच शकत नाही. शिवाय टक्केवारी वजनाची की आकारमानाची, हे बहुधा लिहिलेलं नसतं, मग दोन डब्यांची तुलना कशी करणार? गाडी कशी वापरता ते पाहून निवडा. क्वचित बाहेर निघणाऱ्या, झाकून ठेवलेल्या गाडीला कार्नौबा छान. ते काही आठवडे टिकतं आणि लावायलाही मजा येते. रोज धावणाऱ्या गाडीला सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा संरक्षक लेप, बरं, ते काही महिने साथ देतं. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावू नका, तिच्यावर चकाकणारे चट्टे पडतात. तिच्यासाठी वेगळी उत्पादनं मिळतात.

ओरखडे भरून निघतात हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य जास्त फसवतं. वॅक्समधली तेलं बारीक रेघा काही काळ झाकतात. काही धुण्यांनंतर काळ्या बॉनेटवर टॉर्च तिरपा धरा, सगळं जाळं पुन्हा दिसेल. खरी चमक येते ती क्लिअर कोटच्या सपाटपणातून. तो सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो, ओरखड्यांनी भरला असेल तर विखुरतो. सपाटपणा पॉलिशने येतो, आणि पॉलिश क्लिअर कोटचा थोडा भाग कायमचा काढून घेतं. त्यामुळे ते वरचेवर करायचं काम नव्हे, आणि बॉडीच्या धारदार कडांवर, जिथे रंग आधीच पातळ असतो, तिथे मशीन जपूनच चालवावं. त्याआधी धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून हात फिरवा. खरखर लागली तर ब्रेकची लोखंडी धूळ वगैरे रुतून बसलेली आहे. भरपूर वंगण मारून क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, ती काढा, मग पॉलिश, मग वॅक्स. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीत पॅडला रंग लागेल. घाबरू नका, पण हात हलका ठेवा.

राहिले पाण्याचे मणी. मणी फक्त एवढंच सांगतात की पृष्ठभाग पाण्याला धरून ठेवत नाही. वर मळाचा थर बसला तर खाली वॅक्स असूनही मणी दिसेनासे होतात, म्हणून गाडी शाम्पूने धुऊन मगच ठरवा. उलट तेच मणी उन्हात वाळले तर पाण्यातले क्षार डाग पाडतात. आणि पक्ष्याची विष्ठा वॅक्सच्या थरातूनही क्लिअर कोट खाते, वॅक्स फक्त थोडा वेळ मिळवून देतं. दिसल्याबरोबर त्यावर ओलं मायक्रोफायबर ठेवून ती मऊ होऊ द्या आणि न घासता उचलून घ्या.