ब्राची तार आणि कॅन्सरची अफवा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भाषा कधी मराठी, कधी हिंदी, पण मजकूर थोड्याफार फरकाने तोच: उन्हाळ्यात काळी ब्रा घालू नका, तारेची ब्रा तर मुळीच नको, रात्री ब्रा काढून झोपा, उन्हात छाती ओढणीने झाका, घाम थांबवणारा स्प्रे मारू नका. एवढं पाळलं की स्तनाचा कॅन्सर जवळ फिरकणार नाही. खाली ‘टाटा कॅन्सर हॉस्पिटल’ असं नाव. परळच्या रुग्णालयाचं नाव टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. आपल्याच पत्रकावर स्वतःचं नाव कुणी चुकवत नाही, इथेच खरं तर शंका यायला हवी होती.

तरीही मुद्दे एकेक करून पाहू. त्यातले काही नुसतेच विनोदी आहेत, एखादा निरुपद्रवी आहे आणि एक मात्र घातक आहे.

काळ्या रंगाचं आधी उरकू. काळं कापड उष्णता जास्त शोषतं हे खरं, पण उष्णतेने स्तनाचा कॅन्सर होत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी होतो तो त्वचेचा कॅन्सर. स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा आत, दूधनलिकांच्या अस्तरात सुरू होतो, काही वेळा दूध तयार करणाऱ्या खंडिकांत. तिथवर हे किरण पोचत नाहीत. शिवाय ब्रा ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या आत असते, आणि गडद, दाट विणीचं कापड फिक्या, विरळ कापडापेक्षा अतिनील किरण जास्त अडवतं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने रंगही नेमका उलटाच निवडला. ओढणीचा सल्लाही यातच निकालात निघाला. डोक्यावर घेतली तर निदान ऊन लागणार नाही.

खरा कणा आहे तारेचा मुद्दा. दावा असा की ब्राची तार आणि घट्ट पट्टा लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचा जादा द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) दाबतात, शरीरातली ‘विषारी द्रव्यं’ स्तनात अडकतात आणि त्यांचा कॅन्सर होतो. ऐकायला हे पटण्यासारखं वाटतं, म्हणून जरा थांबून बघू.

स्तनातली लसिका बहुतांशी काखेतल्या लसिकाग्रंथींकडे जाते, उरलेली छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने असलेल्या ग्रंथींकडे. तार बसते स्तनाच्या खालच्या घडीत. मुख्य प्रवाह वर आणि बाहेर जाणारा, त्यामुळे खालच्या घडीवर थोडा दाब आल्याने तो तुंबत नाही. आणि लसिका खरोखर तुंबली तर काय होतं ते डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे: सूज येते, त्वचा जाड होते. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढल्या की काही स्त्रियांचा हात असा सुजतो. त्यावर उपचार म्हणून काय देतात? दाब देणारी घट्ट बाही. मापात दिलेला दाब लसिकेला पुढे सरकायला मदत करतो. मेसेज ज्याला कॅन्सरचं कारण म्हणतो, तोच दाब कॅन्सरच्या रुग्णांना उपचारात रोज मिळतो. ‘विषारी द्रव्यां’चं म्हणाल तर ती बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, ब्राच्या हुकाचा त्याच्याशी संबंध नाही.

ही कल्पना पसरली १९९५ साली. सिडनी रॉस सिंगर आणि सोमा ग्रिस्मायर या अमेरिकन जोडप्याने सुमारे ४,७०० स्त्रियांना ब्रा किती तास घालता हे विचारलं आणि जास्त तास म्हणजे जास्त कॅन्सर असा निष्कर्ष काढून पुस्तक लिहिलं. वजन, पहिल्या बाळंतपणाचं वय, मुलांची संख्या असे जे घटक कॅन्सरचा धोका खरोखर वरखाली करतात, ते त्यांनी हिशेबात धरलेच नाहीत. त्याआधी १९९१ साली हार्वर्डच्या संशोधकांनाही एका अभ्यासात असं काहीसं दिसलं होतं: पाळी चालू असलेल्या, ब्रा न घालणाऱ्या स्त्रियांत कॅन्सर कमी. पण त्यांनी स्वतःच लिहिलं की ब्रा न घालणाऱ्या बहुधा सडपातळ आणि लहान स्तनांच्या असतात, फरक त्यामुळे असू शकेल.

मग २०१४ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने हा प्रश्न नीट तपासला. ५५ ते ७४ वयाच्या, पाळी गेलेल्या स्त्रिया घेतल्या. नलिकांचा कॅन्सर झालेल्या ४५४, खंडिकांचा झालेल्या ५९० आणि कॅन्सर नसलेल्या ४६९. कप कितीचा, दिवसाला किती तास, तार होती की नव्हती, कितव्या वर्षी ब्रा घालायला लागलात, असं सगळं विचारलं. कशाचाच कॅन्सरशी संबंध दिसला नाही. एक मर्यादा सांगायलाच हवी: त्या वयोगटात ब्रा कधीच न घातलेल्या बायका जवळजवळ मिळाल्याच नाहीत, त्यामुळे तुलना कमी घालणाऱ्या आणि जास्त घालणाऱ्यांची आहे. पण तार किंवा तास यांचा दोष असता तर तो या तुलनेतही दिसायला हवा होता.

इथे आपल्याकडचा एक युक्तिवाद हमखास येतो: खेड्यातल्या बायका ब्रा घालत नाहीत, म्हणून तिथे हा कॅन्सर कमी. आकड्यांपुरतं हे खरं आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, आणि तिथलं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी आहे. पण बार्शीकडची बाई आणि मुंबईची बाई यांच्यात फरक फक्त ब्राचा आहे का? पहिलं मूल कमी वयात, मुलं जास्त, अंगावर पाजणं जास्त काळ, वजन कमी, अंगमेहनत जास्त. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीने धोका कमी होतो हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेलं आहे. ब्रा ही शहरी राहणीची खूण आहे. तिलाच कारण समजलं तर उद्या मिक्सरनेही कॅन्सर होतो असं सिद्ध करता येईल.

घामाच्या स्प्रेचं थोडक्यात: २००२ साली सिएटलमध्येच कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली, संबंध आढळला नाही. मात्र मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, दिवशी काखेत असं काही लावू नका. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि विनाकारण पुन्हा तपासणी होते.

रात्री ब्रा काढायची की नाही, हा मुद्दा निरुपद्रवी. बरं वाटतं तर काढा. स्तन जड असतील, पाळीआधी दुखत असतील, तर मऊ, बिनतारेची घालून झोपा. स्तनदुखीवर चांगली आधार देणारी ब्रा हा डॉक्टरी सल्लाच आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २०० स्त्रियांच्या एका तुलनेत स्पोर्ट्स ब्राने ८५ टक्के जणींना आराम पडला, डॅनाझॉल गोळ्यांनी ५८ टक्के जणींना, आणि गोळ्यांचे दुष्परिणाम वेगळे. ब्राने स्तन ओघळतात किंवा ब्रा न घातल्याने ओघळतात, हे दोन्ही दावेही अधूनमधून येतात. ओघळण्याशी संबंध दिसतो तो वय, वजन, गरोदरपणांची संख्या, मुळातला मोठा आकार आणि धूम्रपान यांचा. अंगावर पाजण्याचा नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

मग घट्ट कपड्याने काहीच होत नाही का? होतं. पण जिथे रुततो तिथेच, आणि तिथे जे आहे त्यालाच.

त्वचेपासून सुरुवात करू. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, कापड घासतं आणि जूननंतरच्या दमट हवेत तिथे बुरशी धरते. लाल चट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या, खाज. यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ‘तीन-चार औषधांची’ ट्यूब आणून लावणं ही सगळ्यात मोठी चूक. दोन दिवस खाज जाते, मग चट्टा पसरतो आणि साध्या औषधाला दाद देत नाही. जागा टिपून कोरडी करा, सुती ब्रा रोज बदला, ओली तर घालूच नका, आणि औषध त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून घ्या. हुकाखालीच गोल पुरळ येत असेल तर ती निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते.

अंगावर पाजणाऱ्या आईला तार किंवा घट्ट कप खरोखर त्रास देतो: एका भागातलं दूध अडतं, तिथे दुखरी, लाल गाठ येते, ताप येतो. या महिन्यांत तार बाजूला ठेवा. सतत एकाच जागी रुतणाऱ्या ब्रामुळे क्वचित छातीच्या वरवरच्या शिरेत रक्त गोठून दोरीसारखी दुखरी रेघ हाताला लागते. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते, पण एकदा डॉक्टरला दाखवा.

आणि घट्ट कपडा आणि कॅन्सर यांचा खरा धागा जिथे आहे, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. तो आहे परकराच्या नाडीत. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी कमरेवर त्वचेचा कॅन्सर झालेल्या दोन वयस्कर रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली एक लुगडं परकराशिवाय थेट कमरेला आवळून नेसणारी. नाडी वर्षानुवर्षं एकाच रेषेत घासते, तिथली त्वचा आधी काळी पडते, मग सोलवटते, जखम भरायच्या आत पुन्हा घासते. अशा कधीच न भरलेल्या जखमेत दशकांनंतर त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण टाळणं अगदी सोपं: नाडीऐवजी तीन-चार बोटं रुंद पट्टा शिवून घ्या, बांधायची जागा वरखाली बदला, घरी सैल कपडे घाला. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासायला पाठवायला सांगा. नुसतं मलम लावत बसू नका.

शेपवेअरच्या, म्हणजे पोट-कंबर आवळून धरणाऱ्या आतल्या कपड्यांच्या, बाबतीत मेसेज दोन टोकांना जातात. एकात पोटातले अवयव सरकतात, दुसऱ्यात चरबी वितळते. चरबी दाबाने वितळत नाही. पट्टा बांधून जो अर्धा किलो उतरतो तो घाम असतो, दोन ग्लास पाण्याने परत येतो. खरा त्रास दोन ठिकाणी. पोटावर दाब आला की आम्ल वर ढकललं जातं. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१४ साली छातीत जळजळ नसलेल्या लोकांना कमरपट्टा बांधून हे मोजून दाखवलं. दुसरं, कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीकडे जाणारी त्वचेची नस दबते आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, चुणचुणते. लग्नात साडीखाली चार तास घालायला हरकत नाही. नेहमीच्या मापाचंच घ्या, जेवणाआधी सैल करा, मुंग्या आल्या की काढा. बाळंतपणानंतरच्या पट्ट्याचंही तसंच: सिझेरियननंतर टाक्यांना आधार मिळून चालताना बरं वाटतं, पण गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपलं आपणच आकसतं. खाली जडपणा वाटला किंवा लघवी गळायला लागली तर पट्टा जास्त आवळला आहे.

ब्राचे बहुतेक त्रास मात्र चुकीच्या मापाचे असतात. ‘३४ नंबर द्या’ म्हणण्याआधी टेप घ्या. श्वास सोडून स्तनांच्या खाली टेप घट्टसर फिरवा. विषम आकडा आला तर पुढचा सम घ्या, तो पट्ट्याचा नंबर. मग सर्वात उंच भागावरून सैलसर माप घ्या. दोन्हींतला फरक एक इंच म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे इलास्टिक ढिलं झाल्यावर आत सरकायला जागा राहते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मधला जोड छातीच्या हाडाला टेकावा, तारेचं टोक स्तनावर न येता त्याच्या बाहेर बसावं. पाठीमागून पट्टा वर चढत असेल तर तो मोठा आहे. वजन पट्ट्याने पेलायचं असतं. तो ढिला असला की आपण खांद्याच्या पट्ट्या आवळतो आणि मग खांद्यात खाचा पडतात, मान दुखते. अशा वेळी ३६ बी ऐवजी ३४ सी घालून पाहा, कप तेवढाच राहतो.

आता शेवटचा आणि घातक दावा: एवढं पाळलं की कॅन्सर होणार नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कॅन्सर होतो. धोका वाढवतात वाढतं वय, घरातला इतिहास आणि बीआरसीए जनुकांतले दोष, दारू, पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन, उशिरा किंवा न झालेलं मूल. काळी ब्रा टाकून दिली म्हणून निश्चिंत झालेली बाई गाठ हाताला लागूनही थांबते, कारण ती दुखत नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला.

न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, नव्याने आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त, एकाच स्तनाग्रावर न जाणारं खरजेसारखं पुरळ, काखेत गाठ: यातलं काहीही दिसलं तर पुढची पाळी येऊन जाण्याची वाट न पाहता सर्जनकडे जा. तक्रार नसेल तरी तिशीनंतर दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करणं सरकारी कार्यक्रमात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.