ती ओळ का कापली ते सांगा

आज दुपारी एका ऑनलाइन मीटिंगमधून उठले ती अजून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, सवड असेल तर वाचा.

एका कंपनीचा (नाव सांगत नाही) घानामध्ये आणि आजूबाजूच्या दोन-तीन देशांत धंदा आहे आणि त्यांना तिथल्या तरुणांसाठी सीएसआरमधून (कंपन्या समाजकामावर खर्च करतात तो पैसा) काहीतरी करायचंय. मी घानातल्या टेमा शहरात बरीच वर्षं राहिलेय, तिथल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे, म्हणून ओळखीतून मला बोलावलं, प्रपोजलवर जरा नजर टाका म्हणाले. प्रपोजल चांगलं होतं हो. शिवणकाम, मोबाईल रिपेअरिंग, वेल्डिंग, सोलर फिटिंग, आणि त्याच्या जोडीला एक भाग असा की ह्याच पोरापोरींना कामगार कायदा, तिकडची डिस्ट्रिक्ट असेंब्ली (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) कशी चालते, तिचं बजेट कसं वाचायचं, मतदार नोंदणी कशी करायची हे शिकवायचं. आज स्क्रीनवर बघते तर तो अख्खा भाग लाल रेघ मारून उडवलेला. का, तर म्हणे ते पॉलिटिकल होतं, आपण फक्त रोजगाराचं बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गाडी पुढच्या मुद्द्यावर गेली. मी बोलले, तर "मॅडम, पोट भरलं की बाकीचं आपोआप येतं" असं उत्तर मिळालं.

नाही येत आपोआप. आणि पोटसुद्धा असं भरत नाही.

मला लगेच आमच्या गोडाऊनमधला एक पोरगा आठवला. ग्रॅज्युएट होता, नॅशनल सर्व्हिसचं वर्ष करून आलेला (तिकडे डिग्री झाली की एक वर्ष देशसेवा तेव्हा सक्तीची होती), नोकरी कुठे लागेना म्हणून आमच्याकडे कॅज्युअल म्हणून माल उचलायचा. 2020 च्या डिसेंबरात निवडणूक आली तेव्हा तो कोडेओ नावाच्या देशी निरीक्षकांच्या संघटनेत व्हॉलंटियर झाला. मतदान केंद्र होतं आमच्या घरामागच्या शाळेत. तिकडे पाच वाजता मतदान संपलं की पेटी तिथेच, त्याच अंगणात, सगळ्यांसमोर उघडतात. मी कंपाउंडच्या अलीकडून बघत होते. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरून अंगठा कुठे उमटलाय ते गोल फिरवून दाखवायचा आणि जमलेली माणसं मोठ्यानं आकडा म्हणायची, सगळी मिळून, बायका पाठीला पोरं बांधून उभ्या. अंधार पडला तसे मोबाईलचे टॉर्च लागले. आमचा हा पोरगा एका बाजूला मास्क लावून उभा, हातात फॉर्म, एक शब्द कुणाशी बोलत नाही, फक्त लिहितोय. मग निकालाचा गुलाबी कागद भरला, पिंक शीटच म्हणतात त्याला, पक्षांच्या एजंटांनी सह्या केल्या, ह्यानं आकडे परत एकदा पडताळले आणि एसएमएसनं पाठवले. सकाळी सहाच्या आधीपासून उभा होता तो. त्या निवडणुकीत त्यांच्या संसदेत दोन मोठ्या पक्षांना 137 आणि 137 जागा मिळाल्या, एक अपक्ष. असल्या निकालात एकेका केंद्रावरचा आकडा नीट मोजला जाणं म्हणजे काय असतं विचार करा. टेचिमन साउथ मतदारसंघात मतमोजणीच्या वेळी गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्या शाळेत लोक मोजून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा पोती उचलायला हजर.

आता मला सांगा, ह्याला रोजगाराच्या रकान्यात टाकायचं का पॉलिटिकलच्या?

बरं, ही काही घानाची एकट्याची गोष्ट नाही. सेनेगलमध्ये 2011 साली डाकारला सारखी लाईट जायची, त्या वैतागातून काही रॅपर आणि पत्रकार पोरांनी 'यान आ मार' ही चळवळ काढली, आता बस्स झालं म्हणत. नुसत्या घोषणा देऊन थांबले नाहीत, पोरांना मतदार यादीत नाव घालायला लावलं, वस्त्यावस्त्यांत फिरले. राष्ट्राध्यक्ष वाड राज्यघटना वाकवायला निघाले तेव्हा 23 जूनला रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या वर्षी वाड मतदानातून हरले, निकाल मान्य करून घरी गेले. परत 2024 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी निवडणूकच पुढे ढकलली, तर लोक पुन्हा उभे राहिले, घटना परिषदेनं तो निर्णय रद्द केला, आणि तुरुंगातून सुटून दहाच दिवस झालेला 44 वर्षांचा बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत राष्ट्राध्यक्ष झाला. हो, मान्य, राष्ट्राध्यक्ष तरुण आला म्हणून नोकऱ्या आल्या नाहीत, युरोप गाठायला स्पेनच्या कॅनरी बेटांकडे जाणाऱ्या पोरांच्या होड्या थांबल्या नाहीत. पण त्या पोरांना निदान एवढं कळलंय की जाब कुणाला विचारायचा.

आणि लाईटवरून आठवलं, घानातसुद्धा 2012 नंतर काही वर्षं लाईटचे भयंकर हाल होते, डुमसोर म्हणायचे सगळे त्याला. यव्हॉन नेल्सन ही तिथली मोठी अभिनेत्री 2015 च्या मे महिन्यात स्वतः आक्रात मोर्चा घेऊन उतरली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिवणकाम करणारी बाई होती, तिच्याकडे चार-पाच पोरी शिकायला. लाईट नसली की त्या पोरी दारात ओळीनं बसून असायच्या, इलेक्ट्रिक मशीन आत धूळ खात, इस्त्री बंद, आणि लग्नाच्या कपड्यांची गिऱ्हाइकं येऊन ओरडून जायची. आज कंपनी म्हणतेय आम्ही शंभर मशीन देऊ. द्या ना! पण लाईट मागायची कोणी? गटार तुंबून दुकानात पाणी शिरलं तर असेंब्लीत जाऊन बोलायचं कोणी? ते शिकवणं पॉलिटिकल आणि मशीनवर लोगो चिकटवून फोटो काढणं म्हणजे विकास, हे मला पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही, माहितीये मला.

आता खरं कारण सांगते, मीटिंगमध्ये जे कोणी बोललं नाही. त्या पोराचीच गोष्ट पुढे.

घानाच्या 2003 च्या लेबर अॅक्टमध्ये कलम 75 आहे. टेम्पररी माणूस एकाच मालकाकडे सलग सहा महिने राबला की त्याला पर्मनंट धरायचं. मग कारखाने काय करतात, सहा महिने भरायच्या आत कागदावर ब्रेक देतात आणि परत घेतात. आमच्याकडे तर ब्रेकसुद्धा कागदावरच असायचा, माणसं त्या दिवसांतही गेटमधून आत यायची आणि पैसे व्हाउचरवर निघायचे. तर हा पोरगा एक दिवस ऑफिसात आला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कायद्याची प्रिंट, कलम 75 खाली हिरव्या पेनानं रेघ, आणि सोबत एक शाळकरी वही. वहीत तारखा आणि गेटवरच्या वेळा, स्वतःच्या नाही फक्त, बरोबरच्या सगळ्या कॅज्युअल पोरांच्या. निवडणुकीच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं ना त्याला, नियम छापील हातात घ्यायचा, जे दिसलं ते तिथल्या तिथे लिहायचं, आवाज चढवायचा नाही. मॅनेजर तापले, भांडायला आलास का म्हणाले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मी भांडत नाहीये. मी फक्त वाचतोय." आणि खरंच उभ्या उभ्या पूर्ण कलम वाचलं त्यानं.

मला आजही लिहिताना अंगावर काटा येतो.

पुढे लेबर ऑफिसर येऊन गेला. बऱ्याच पोरांना पर्मनंट केलं, स्निट चालू झालं (तिकडचा पीएफ समजा), पगारी रजा मिळाली. त्याला मात्र पुढच्या ब्रेकनंतर परत बोलावलंच नाही. हे असं आहे. म्हणून ती ओळ कापली जाते. शिवता येणारा, वेल्डिंग येणारा पोरगा सगळ्यांना हवाय, कलम 75 वाचून दाखवणारा कुणालाच नको.

नायजेरियातलं तर काय सांगू. 15 मार्च 2014 ला तिथल्या इमिग्रेशन खात्याची भरती होती. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज पाच लाखांच्या वर, आणि अर्जाला प्रत्येकी 1000 नायरा फी, म्हणजे बेकारांकडूनच गोळा केलेले पैसे. परीक्षेला स्टेडियमवर बोलावलं, आबुजाला आणि इतर शहरांतही चेंगराचेंगरी झाली, पंधराहून जास्त माणसं मेली, त्यात गरोदर बायका. आणि मंत्री काय म्हणाले, तर उमेदवारांनीच धीर धरला नाही! आपल्याकडे पोलीस भरतीत पळताना पोरं मेलेली आपण पाहिलीत, त्यामुळे हे वाचताना तुम्हाला काय वाटतंय ते मला वेगळं विचारायची गरज नाही.

ह्याच देशातल्या पोरांनी 2018 मध्ये 'नॉट टू यंग टू रन' कायदा करून घेतला, राष्ट्राध्यक्षपदासाठीचं किमान वय 40 वरून 35, प्रतिनिधीगृहासाठी 30 वरून 25. आणि 2020 च्या ऑक्टोबरात एंडसार्स आंदोलन. पोलिसांचं ते सार्स पथक पोरांना लॅपटॉप का आहे, केस असे का आहेत म्हणून उचलायचं, लुटायचं. आंदोलकांच्या पाच मागण्यांमधली शेवटची कुठली होती माहितीये? पोलिसांचा पगार वाढवा! ज्यांनी मारलं त्यांच्याच पगाराची मागणी, कारण पोरांना नीट कळत होतं की उपाशी पोलीस लुटणारच. रोजगार आणि नागरिकपण वेगळं काढता येत नाही हे त्या पोरांना कळतं आणि आमच्या मीटिंगमधल्या एवढ्या शिकलेल्या माणसांना कळत नाही. आंदोलनासाठी पैसे गोळा करणाऱ्या फेमिनिस्ट कोअलिशन ह्या गटाच्या मुली तर जमलेल्या देणग्यांचा हिशोब जाहीर टाकायच्या, जेवण किती, दवाखाना किती, वकील किती. मी अकाउंट्सवाली बाई आहे, मला त्या मुलींचं इतकं कौतुक वाटलं होतं तेव्हा. आणि मग 20 तारखेला लेगॉसच्या लेक्की टोलनाक्यावर आंदोलकांवर गोळ्या चालल्या, आणि नंतर आंदोलनातल्या काही जणांची बँक खाती गोठवली.

ठीक आहे, दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी बुर्किना फासो काढणारच. हो, 2014 ला तिथल्या पोरांनी 'बाले सितोयाँ' (नागरिकांचा झाडू) ह्या चळवळीच्या नावानं झाडू हातात घेऊन 27 वर्षं खुर्चीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष काँपाओरेला पळवून लावलं आणि 2022 मध्ये दोनदा लष्करानं सत्ता घेतली, त्या चळवळीचा वकील नेता पुढे 2024 मध्ये उचलला गेला. आणि परदेशी कंपनीनं कुणाच्या निवडणुकीत नाक खुपसू नये हेही बरोबर, आम्ही तिथे पाहुणेच होतो. पण कायद्याचं कलम वाचायला शिकवणं म्हणजे नाक खुपसणं नाही, एवढं तरी मान्य करा.

आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक सांगते की आख्ख्या आफ्रिकेत वर्षाला एक कोटीहून जास्त तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि पक्क्या नोकऱ्या तीसेक लाख. बाकीची पोरं कुठे जाणार? स्वतःचंच काहीतरी करणार, टपरी, मोटारसायकल, शेती. म्हणजे त्यांचा मालक कोणी नाही, त्यांची गाठ थेट सरकारशी, परवाना, कर, रस्ता, पोलीस. आमचा तो पोरगा सध्या मोमोची टपरी चालवतो, म्हणजे मोबाईल मनीची, फोनवरून पैसे पाठवायची-काढायची, पिवळी छत्री लावून. 2022 ला सरकारनं मोबाईल मनीच्या व्यवहारांवर दीड टक्का ई-लेव्ही नावाचा कर लावला तेव्हा गिऱ्हाइकं निम्मी झाली म्हणून सांगत होता. लोकांनी आरडाओरडा सोडला नाही, पुढे तो एक टक्का झाला आणि 2025 मध्ये रद्दच झाला. आता सांगा त्या टपरीला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला, आमच्या ट्रेनिंग सर्टिफिकेटचा का त्या आरडाओरड्याचा?

2023 च्या डिसेंबरात तो असेंब्लीच्या निवडणुकीला उभा राहिला होता, त्या पक्षाशिवायच्या असतात. पोस्टर छापायला पैसे नव्हते, मित्रांनी दिले. गटार आणि रस्त्यावरचे दिवे एवढेच दोन मुद्दे. हरला. मला व्हॉइस मेसेज पाठवला होता, मागे जनरेटरचा आवाज, की मॅडम, हरलो पण मोजणी चोख झाली, मी स्वतः उभा होतो. हरल्यावर असं कोण म्हणतं हो?

राग जरा उतरलाय लिहून. ज्यांचे किंवा ज्यांच्या घरच्यांचे टेमा, आक्रा, लेगॉस, आबिजान कुठेही कारखाने नाहीतर दुकानं आहेत (माझ्या लिस्टमध्ये बरेच आहात, मला माहितीये), त्यांनी सीएसआर-बिएसआर राहू द्या, आधी आपलं कॅज्युअलचं रजिस्टर काढा आणि कोण किती महिने राबतोय ते बघा. घानात असाल तर कलम 75 ची प्रिंट मी पाठवते, इनबॉक्समध्ये सांगा, आणि ती गेटवर लावा, पोरांना दिसेल अशी.