फ्रेझरला गोरिला म्हणायची काहीही गरज नव्हती

मुष्टियोद्धा मोहम्मद अलीचा विषय निघाला की जो फ्रेझरशी झालेल्या मनिलाच्या लढतीआधीची त्याची ती कविता कुणीतरी हमखास म्हणून दाखवतं. किला, थ्रिला, चिला आणि शेवटी गोरिला, म्हणजे फ्रेझर. हशा होतो, लाइक पडतात. अली मलाही फार मोठा वाटतो. लष्करात जायला नकार देऊन त्याने ऐन उमेदीची साडेतीन वर्षं घालवली, त्याबद्दलचा आदर कधीच कमी होणार नाही. पण या फ्रेझरशी अली जे वागला ते ‘तिकिटं खपवण्यासाठी होतं’ एवढं म्हणून सोडून देता येत नाही. तिकिटांचा हिशोबच ते खोटं ठरवतो.

हा धंदा कसा चालतो ते आधी बघू. १९६१ मध्ये लास व्हेगासला अलीची (तेव्हाचा कॅशियस क्ले) गाठ गॉर्जस जॉर्ज या कुस्तीवाल्याशी पडली. जॉर्ज स्वतःची बेफाम स्तुती करायचा, समोरच्याला टाकून बोलायचा आणि स्टेडियम भरायचं. अर्धे लोक त्याला जिंकताना बघायला यायचे आणि अर्धे त्याचं तोंड कुणीतरी बंद करावं म्हणून. पैसे दोघेही मोजायचे. अलीने हे गणित उचललं. कुठल्या राउंडमध्ये पाडणार ते आधी जाहीर करायचं, त्यावर यमकं जुळवायची. समोरच्याच्या ताकदीवर, वेगावर, नावावर असं बोलणं म्हणजे आपल्याकडच्या पैलवानाने शड्डू ठोकण्यासारखंच. त्याला माझा काहीच आक्षेप नाही.

आता ८ मार्च १९७१ ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली दोघांची पहिली लढत घ्या. अली ३१ लढतींत अजिंक्य, फ्रेझर २६ लढतींत अजिंक्य. एकाचा किताब रिंगणाबाहेर काढून घेतलेला, दुसऱ्याच्या कमरेला तो पट्टा. जेरी पेरेंचिओ आणि जॅक केंट कुक या आयोजकांनी दोघांनाही प्रत्येकी २५ लाख डॉलरची हमी दिलेली. गार्डनमध्ये वीस हजारांवर माणसं, शिवाय देशोदेशी थिएटरांत क्लोज्ड सर्किटवर (फक्त तिथेच दिसणारं थेट प्रक्षेपण) तिकीट काढून बसलेली गर्दी. फ्रँक सिनात्रा ‘लाइफ’ मासिकासाठी कॅमेरा घेऊन रिंगणाच्या कडेला. ही लढत कुणी मुक्याने जाहीर केली असती तरी खपलीच असती. आणि नेमक्या याच लढतीआधी अलीने फ्रेझरला ‘अंकल टॉम’ ठरवलं, म्हणजे गोऱ्यांच्या पायाशी बसणारा काळा. फ्रेझर जिंकेल असं ज्या काळ्या माणसाला वाटतं तोही अंकल टॉमच, असंही तो बोलला.

हे कुणाबद्दल बोललं जात होतं? फ्रेझर साउथ कॅरोलिनातल्या बोफर्टचा. घरात पोरांची रांग, बापाला एकच धड हात, शेतात राबणं पोटापुरतं. पोरवयातच तो उत्तरेला निघून गेला आणि फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला लागला. १९६४ चं टोकियो ऑलिम्पिक सुवर्ण त्याने तिथून उठून जिंकलं. अली लुईव्हिलचा. बाप पाट्या रंगवणारा, घर त्या मानाने बरं, आणि व्यावसायिक कारकिर्दीच्या सुरुवातीला पाठीशी लुईव्हिलच्या गोऱ्या धनिकांची मंडळी. फ्रेझरमागेही फिलाडेल्फियाचा ‘क्लोव्हरले’ हा गुंतवणूकदारांचा गट होता. म्हणजे गोऱ्यांचा पैसा दोघांकडेही होता, शिक्का मात्र एकाच्याच कपाळी बसला. त्याहून वाईट म्हणजे अलीवर बंदी असताना फ्रेझरने त्याला पैसे दिले होते, त्याचा परवाना परत मिळावा म्हणून रदबदली केली होती. १९६७ मध्ये अलीचा किताब काढून घेतल्यावर तो भरण्यासाठी जी स्पर्धा भरवली गेली, तीतही फ्रेझर उतरला नव्हता. अलीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच हा प्रकार मला नुसता तोंडाळपणा वाटत नाही. फ्रेझरच्या पायाखालची त्याची स्वतःची माणसं अलीने काढून घेतली.

त्याचं उत्तर फ्रेझरने रिंगणात दिलं. लहानपणी डुक्कर मागे लागल्याने पडून त्याचा डावा हात कोपरात दुखावला होता, तो पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. हात आधीच हुकच्या (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) कोनात वाकलेला. उंचीने आणि हाताच्या पल्ल्याने तो अलीपेक्षा कमी, त्यामुळे लांबून खेळला असता तर अलीचे जॅब, म्हणजे सरळ ठोसे, खात बसला असता. म्हणून गुडघ्यांत वाकून, डोकं डावी-उजवीकडे झुलवत तो आत शिरायचा आणि डाव्या पायावर भार घेऊन आखूड हुक मारायचा. फ्रेझरच्या कोपऱ्यातले प्रशिक्षक एडी फच यांनी एक गोष्ट हेरली होती. अली उजव्या हाताने अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारायला जातो तेव्हा ताठ उभा राहतो, हात खाली सोडतो आणि जबडा उघडा पडतो. तो हात खाली गेला की डावा हुक सोडायचा. अकराव्या राउंडमध्ये अली याच हुकने डगमगला आणि पंधराव्यात पाठीवर आडवा झाला. लगेच उठला, हेही तितकंच थोर. पण तिन्ही गुणपत्रिका फ्रेझरच्या बाजूने गेल्या.

दुसऱ्या लढतीच्या काही दिवस आधी, जानेवारी १९७४ मध्ये, समालोचक हॉवर्ड कोसेल यांच्याबरोबर एबीसी वाहिनीच्या स्टुडिओत दोघं पहिल्या लढतीची फिल्म बघत बसले होते. अलीने फ्रेझरला अडाणी म्हटलं. फ्रेझर खुर्चीतून उठला, दोघं कॅमेऱ्यासमोर जमिनीवर लोळले. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनने दोघांनाही ५,००० डॉलर दंड केला. झोंबाझोंबीला दंड, शब्दांना मात्र कसलीच किंमत नाही. खेळ चालवणाऱ्यांची ही नजर आजही फारशी बदललेली नाही.

मग तिसरी लढत, मनिलातली. अलीने रबराचा छोटा गोरिला पत्रकारांपुढे काढला आणि त्याला ठोसे लगावले. पत्रकार हसले. लिस्टन या आधीच्या प्रतिस्पर्ध्याला त्याने अस्वल म्हटलं होतंच की, असं कुणी म्हणेल. तेही काही भलं नव्हतं, पण काळ्या माणसाला माकड ठरवण्यामागे गुलामगिरीपासूनचा इतिहास आहे. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन सिडनीत जगज्जेता झाला, तेव्हापासून गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत त्याची चित्रं वानरासारखी निघायची. तोच शिवीचा साचा अलीने उचलून आपल्याच माणसावर वापरला. गोऱ्या पत्रकाराला जे उघड म्हणायची सोय उरली नव्हती, त्यावर त्याला आता बिनधास्त हसता आलं. ‘अली स्वतः काळा होता, मग वंशद्वेष कसला?’ असं विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा. फ्रेझरच्या मुलांना शाळेत हेच ऐकून घ्यावं लागलं. शाळेत कोण तिकिटं विकत होतं?

आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक आपलेच होते. २०१७ मध्ये मेवेदर–मॅकग्रेगर या बॉक्सिंग लढतीच्या प्रचारदौऱ्यात लॉस एंजेलिसच्या व्यासपीठावर आयरिश मॅकग्रेगर काळ्या मेवेदरला ‘नाच रे पोरा’ अशा अर्थाचं बोलला आणि समोर टाळ्या पडल्या. काळ्या प्रौढ माणसाला ‘बॉय’ म्हणायची रीत गुलामांच्या मालकांची. पुढे लंडनला मेवेदरने समलैंगिकांवरून शिवी हासडली. एकदा मोकळीक मिळाली की ती कुठल्या एका बाजूची राहत नाही.

मनिलातली १ ऑक्टोबर १९७५ ची लढत सकाळी पावणेअकराला सुरू झाली, कारण अमेरिकेत तेव्हा रात्रीची टीव्हीची वेळ होती. अरानेटा कोलिझियममध्ये मरणाचा उकाडा. फ्रेझरला डाव्या डोळ्याने आधीच नीट दिसत नव्हतं, उजवा ठोशांनी सुजून बंद होत आला. म्हणजे अलीचा उजवा हात येतोय कधी हेच त्याला कळेना. चौदावा राउंड संपल्यावर फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर नको म्हणत होता. त्यांनी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं की आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, हे अलीचे शब्द.

त्यानंतर अलीने फ्रेझरच्या मुलाला, मार्व्हिसला, ड्रेसिंग रूममध्ये बोलावून सांगितलं की ते सगळं मनापासून नव्हतं, बाबांना सांग. फ्रेझरचं म्हणणं एवढंच की हे त्याने मला सांगायला हवं होतं. २००१ मध्ये अलीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून जाहीर माफी मागितली, तेव्हाही फ्रेझरची तक्रार तीच राहिली: माफी वर्तमानपत्राची मागितली, माझी नाही. १९९६ ला अटलांटात अलीने ऑलिम्पिक ज्योत पेटवली तेव्हा फ्रेझर फार कडवट बोलला होता, आणि लोकांनी कोत्या मनाचा म्हणून त्यालाच नावं ठेवली. मला तो कडवटपणा समजतो. फ्रेझर नोव्हेंबर २०११ मध्ये यकृताच्या कॅन्सरने गेला. अली आजारी शरीराने फिलाडेल्फियाला त्याच्या अंत्यविधीला आला होता.

या दोघांबद्दल तरुण पोरांना काही दाखवायचंच असेल तर पत्रकार परिषदांच्या क्लिपा नकोत. १९७१ च्या लढतीचा अकरावा आणि पंधरावा राउंड दाखवा, आणि अलीचा उजवा हात खाली कधी जातो तेवढंच बघायला सांगा. मनिलातला सहावा दाखवा, फ्रेझरच्या हुकांसाठी. मग तेरावा, ज्यात त्याचं माउथपीस (दातांवरचं संरक्षक कवच) उडून रिंगणाबाहेर जातं आणि तरी तो पुढेच सरकत राहतो.