दहा हजार लुमेन म्हणे!

पहाटे पाचला फोंड्याहून म्हार्दोळला सायकलने जायचं, तर पुढे एक दिवा हवा. एवढीच मागणी. दाबोळीची धावपट्टी उजळायची नाहीये मला!

पण खोकी बघा. '10000 लुमेन'! (लुमेन म्हणजे उजेडाचं माप.) आत काय? एकुलता एक 18650 सेल, बोटाएवढा, रिचार्जेबल. अहो, चांगला एलईडी वॅटमागे शे-दीडशे लुमेन देतो. म्हणजे लागणार किमान 70 वॅट, आणि या सेलची कुवत जेमतेम 12 वॅट-तास. दहा मिनिटांत कारभार आटोपला. मग वाटेतला फर्मागुडीचा उतार काय काजव्यांच्या भरवशावर उतरायचा?

'वॉटरप्रूफ'ही छापलेलं असतंच. बारीक अक्षरात आयपीएक्स4. म्हणजे शिंतोडे सोसणार. गोव्यातला जुलै शिंतोडे उडवतो का हो?

झोताचं तर बोलूच नका. गोल, टॉर्चसारखा. निम्मा उजेड माडांच्या शेंड्यांवर, उरलेला समोरून सायकलवर येणाऱ्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) डोळ्यांत. रस्त्यात ठाण मांडलेली गुरं मात्र अंधारातच! (त्यातली काळी म्हैस तर शेपटी हलली तरच कळते.) जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा, असा नियमच आहे. आणि आमच्याकडे? पाच मोड. मंदचा प्रखर करायला मध्ये लुकलुक ओलांडायची, तीही नेमकी गतिरोधकावर!

हे सगळं दुकानदाराला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "घेऊन टाका, ह्यात हॉर्नपण आहे."