ज्याच्यावाचून प्लांट अडतो, तोच खरा इंजिनिअर?

चवथ, म्हणजे आमच्या गोव्यातली गणेशचतुर्थी, तोंडावर आली की आमच्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. यंदाही आला: 'खरा टेक्निकल माणूस घड्याळ बघत नाही. आठवड्याला 70 तास दिले तरच काम पुढे सरकतं. आणि ज्याच्या सुट्टीने प्लांट अडत नाही, त्याची गरजच काय?' खाली आमच्या सुशेगादपणाला, म्हणजे निवांत स्वभावाला, एक टोमणा. वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्टा करून केस पिकवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते 70 तास. हा आकडा नारायण मूर्तींनी 2023 मध्ये गाजवला, पण त्याचा हिशेब पहिल्या महायुद्धातच लागला होता. ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या तासांच्या आणि मालाच्या नोंदी जॉन पेंकावेल या अर्थशास्त्रज्ञाने 2014 मध्ये पुन्हा तपासल्या. 70 तास राबून निघालेला माल 56 तासांच्या मालापेक्षा जेमतेमच जास्त होता. वरचे चौदा तास पाण्यात! आणि ते तर ठरावीक हातकाम होतं. आमच्याकडे पहाटे तीनला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की आधी का झाला ते शोधायचं असतं.

घड्याळ न बघण्याबद्दल. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, हे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. म्हणजे डबल शिफ्ट मारून बाइकने फोंड्याला निघालेला गडी पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकला तर शून्य दाखवेल, इतकंच.

ओव्हरटाइमच्या पैशांचं फार बोलत नाही. कायदा दुप्पट दर सांगतो; हुद्द्यात 'ऑफिसर' घातलं की दुप्पटही जातं आणि उरतो तो कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाबदली सुट्टी, जी कधी मिळत नाही.

आता तो अडण्याचा मुद्दा, कारण लोकांना खरा तोच पटतो. बँकांकडे बघा. ट्रेझरीसारख्या (बँकेच्या पैशांचे मोठे व्यवहार करणारा विभाग) नाजूक जागांवरच्या लोकांना वर्षातून सलग किमान 10 कामाचे दिवस, तेही आधी न कळवता, रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकच सांगते. त्या काळात त्यांनी कामाच्या सिस्टीमला हात लावायचा नाही. लाड म्हणून नव्हे. खुर्चीवरचा माणूस हलला की खुर्चीखालचं दिसतं म्हणून.

आमच्या खुर्चीखाली काय होतं ते सांगतो. एका प्लांटमध्ये (नाव नको) आमचा सगळ्यात हुशार माणूस चार वर्षं लांब रजेवर गेलाच नव्हता. एका चवथीला आईच्या हट्टापायी पाच दिवस पेडण्याला गेला. रिलीव्हर म्हणून आलेल्या पोराला ड्रॉइंग आणि पॅनेल जुळेना. वायरी तपासत गेला, तर गरम पाण्याच्या टाकीच्या लो-लेव्हल स्विचवर (पाणी कमी झालं की हीटर बंद करणारा) जंपर, म्हणजे स्विचला बगल देणारी वायर. टाकी रिकामी झाली तरी हीटर बंद झाला नसता. आमच्या हुशार माणसाने सात महिन्यांपूर्वी, दुसऱ्या सलग शिफ्टच्या शेवटी, 'सकाळी काढतो' म्हणून तो मारला होता आणि घरी जाऊन झोपला होता. नोंद कुठेच नव्हती. तो रोज हजर होता, म्हणून त्या पॅनेलकडे दुसरं कोणी फिरकलंच नव्हतं.

पोराने जंपर काढला, लॉगबुकात लिहिलं.

मेसेज टाकणाऱ्याला मी हे सगळं ग्रुपवरच लिहून पाठवलं. त्याने अंगठ्याचा इमोजी टाकला. यंदा चवथीला त्याने दीड दिवसाची रजा टाकली आहे. त्याच्या घरचा गणपती पाच दिवसांचा असतो.